वडील नसलेल्या मुलांसाठी मंडळीतील पुरुषांकडे एक मागणी

प्रति,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांचे सभासद आणि पुरुष संघातील सर्व बंधू यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

सुट्टीतील बायबल शाळा आटोपल्या आहेत, शाळा-कॉलेजे सुरू होत आहेत आणि आपापल्या मंडळीत वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी चालू आहे. त्या आखणीत एका विषयाला जागा मिळावी म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मी रविवार शाळेत मोठ्या मुलांना शिकवते, म्हणजे आठवीपासून दृढीकरणाच्या (बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी स्वतः विश्वास जाहीर करण्याच्या) वर्गापर्यंतची मुले माझ्यासमोर बसतात, आणि ज्यांच्या घरात वडील नाहीत अशी मुले त्यांत दरवर्षी असतात. माझी मागणी अशी की, अशा प्रत्येक मुलामागे मंडळीतील एक विश्वासू, प्रौढ पुरुष किमान वर्षभर उभा राहावा, आणि हे काम कोणा एकाच्या चांगुलपणावर न सोपवता कमिटीने ठराव करून मंडळीचे काम म्हणून स्वीकारावे.

घरात वडील नसण्याचे प्रकार अनेक आहेत. कोणाचे वडील २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, कोणाचे दारूपायी, कोणाचे नगर रोडवरच्या अपघातात. कोणाच्या वडिलांनी दुसरा संसार थाटला आहे, कोणाचे येरवड्याच्या तुरुंगात आहेत, आणि कोणाचे घरात असूनही संध्याकाळी सातनंतर घराला त्यांचा उपयोग नसतो. मृत्यू झालेल्या घरी मंडळी जाते, प्रार्थना करते, डबा पोचवते. बाप सोडून गेलेल्या घरी मात्र कोणी जात नाही, कारण तिथे काय बोलावे हे कोणाला कळत नाही. मागे कुजबुज तेवढी होते आणि ती मुलांच्या कानावर जाते.

आपल्या मंडळ्या या घरांसाठी काहीच करीत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेची फी भरली जाते, किराणा दिला जातो, नाताळात आईला साडी आणि मुलांना कपडे मिळतात, आणि यातील बहुतेक धावपळ महिला मंडळ करते. पुरुष संघाच्या वाट्याला वार्षिक सहल, क्रिकेटचे सामने, चर्चची रंगरंगोटी आणि कॅरल फेरीचा टेम्पो ठरवणे अशी कामे येतात. (तीही कोणीतरी करायलाच हवीत, टेम्पो वेळेवर आला नाही की काय होते ते आपण सर्वांनी अनुभवले आहे.) पण ज्या मुलाला बापाची उणीव आहे त्याच्यापर्यंत मंडळीतून पोचते ते पाकीट, आणि तेही बहुधा एका बाईच्या हातून.

हे लिहिताना एकट्या आयांच्या कर्तबगारीला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. पंडिता रमाबाईंचे पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले तेव्हा त्यांची मनोरमा वर्षभराचीही नव्हती. त्या लेकराला घेऊन रमाबाई याच पुण्यात आल्या, आणि पुढे मनोरमाबाईंनी शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आईच्या बरोबरीने भार उचलला. तेव्हा बापाविना वाढलेले मूल वाया जाते, हा समज आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती इतिहासानेच खोटा ठरवला आहे. एकट्या आईवर काय ताण येतो याची कल्पना मात्र आपल्याला असायला हवी. दिवसभर कामावर, संध्याकाळी स्वयंपाक, आणि त्यानंतर पंधरा वर्षांच्या मुलाशी, ज्याचा आवाज फुटला आहे आणि जो आईला आता उलट उत्तर देतो, त्याच्याशी बसून बोलायचे. ती धाक दाखवते, मग रडते, मग गप्प बसते. वर्गानंतर थांबून आयांनी मला जे सांगितले त्यात पैशांची मागणी क्वचितच होती. ‘कोणी पुरुषमाणूस त्याच्याशी दोन शब्द बोलेल का?’ हे मात्र पुष्कळदा होते.

आपण बोललो नाही तर त्या मुलाशी कोणी बोलणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या कुठल्याही चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स पाहावा. मधोमध ‘भाई’, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पंधरा-वीस पोरांचे छोटे छोटे फोटो. त्या छोट्या चौकटींत कोणाकोणाची मुले आहेत ते एकदा निरखून पाहावे. मी पाहिले आहे, आणि एका चौकटीत माझ्या वर्गातला चेहरा मला दिसला आहे. भाई त्या मुलाला नावाने हाक मारतो, गाडीवर मागे बसवतो, चहा पाजतो, पोलीस चौकीत अडकला तर सोडवायला जातो. गेल्या काही वर्षांत हातात कोयता घेऊन वस्तीत दहशत माजवणाऱ्या ज्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत अल्पवयीन मुले किती सहज सापडतात हे पुणेकरांना सांगायला नको. अशा प्रत्येक मुलाचा बाप हरवलेला असतो असे मी म्हणत नाही; पुष्कळांचे बाप घरी असतात. पण वेळ देणारा मोठा माणूस मुलाला लागतोच, आणि चौकात तो फुकट मिळतो.

उलट आपल्याकडे काय घडते ते सांगते. जूनच्या तिसऱ्या रविवारी अनेक मंडळ्यांत पितृदिन साजरा होतो. उपासना संपता संपता रविवार शाळेची मुले पुढे बोलावली जातात, प्रत्येकाच्या हातात एक गुलाब दिला जातो आणि ‘आपापल्या पप्पांना द्या’ असे माइकवरून सांगितले जाते. अशा वेळी आठवीतला एक मुलगा आईच्या स्कूटरची चावी घेऊन बाहेर गेला. गाडी नीट लावली आहे का ते बघून येतो म्हणाला. गाडी नीटच लावलेली होती, हे त्याच्या आईलाही ठाऊक होते आणि मलाही. पितृदिन बंद करा असे मी म्हणणार नाही, पण तो साजरा करणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या मुलामागून वाहनतळापर्यंत जायला हरकत नव्हती.

पवित्र शास्त्राचे दाखले तुम्हांला मी द्यावेत हे धाडसाचे आहे, तरी दोन-तीन देते. अनुवादाच्या पुस्तकात शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नये, ती उपऱ्यासाठी, पितृहीनासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावी अशी आज्ञा आहे. म्हणजे या मुलांचा वाटा शेतमालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता, तो नियमातच घातलेला होता. याकोबाने शुद्ध धर्माचरणाची व्याख्या करताना अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेण्याला पहिले स्थान दिले. आणि पौलाने करिंथकरांना लिहिले की, ख्रिस्तामध्ये तुम्हांला दहा हजार गुरू असले तरी बाप पुष्कळ नाहीत. आपल्या तरुणांची आजची स्थिती याहून नेमकी सांगता येणार नाही. संजीवन सभा आहेत, पाहुणे वक्ते आहेत, खंडाळ्या-पाचगणीची शिबिरे आहेत. गुरू भरपूर आहेत आणि शिबिराची बस रविवारी रात्री परत आली की ते आपापल्या घरी जातात.

पौल आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य यांच्याकडे मला पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला. वडील ग्रीक होते, एवढाच त्यांचा उल्लेख आहे. पौलाने त्या तरुणाला लुस्त्राहून आपल्यासोबत घेतले, प्रवासात वागवले, त्याला ‘विश्वासातील माझे खरे लेकरू’ म्हटले, आणि पत्रांत त्याच्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी उपायही सांगितला. याहून महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पत्रात आहे. पौल त्याच्याकडे कामे मागतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे, आणि हिवाळ्यापूर्वी ये. मदत घेऊन घेऊन अवघडलेल्या मुलाला, कोणा मोठ्या माणसाला आपली गरज आहे हे कळणे, किती वेगळे असते याचा विचार व्हावा. ज्याला आपण वर्षानुवर्षे लाभार्थी करून ठेवले आहे त्याला कधीतरी ‘शनिवारी ये, इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला मला हात लागेल’ असे कोणी म्हणायला हवे.

यासाठी नवी योजना काढण्याची आवश्यकता नाही असे मला वाटते. ज्या मंडळ्यांत बाळकांचा बाप्तिस्मा होतो तिथे धर्मपिता आणि धर्ममाता असतात. ते मंडळीसमोर वचन देतात आणि त्यांची नावे नोंदवहीत लिहिली जातात. पुढे बारशाच्या जेवणानंतर ते कुठे असतात, हा प्रश्न मी दृढीकरणाच्या वर्गात विचारून पाहिला, तर बहुतेकांना आपले धर्मपिता कोण हेच सांगता आले नाही. कमिटीने पहिले काम म्हणून बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी, घरात वडील नाहीत अशा मुलांची नावे पाहावीत आणि त्यांच्या धर्मपित्यांना दूरध्वनी करावा. काही गाव सोडून गेले असतील, काही आता नसतील, काहींना लाज वाटेल; तिथे मंडळीने दुसरा माणूस नेमावा. ज्या मंडळ्यांत बाळकांचे केवळ समर्पण होते, तिथे सबंध मंडळी उभी राहून वचन देते, त्यामुळे त्यांना तर सबब सांगायला जागाच नाही.

आता या माणसाने किती काळ आणि किती वेळ द्यायचा, याबद्दल बाहेरच्या देशांतला अनुभव उपयोगी आहे. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातील अर्नेस्ट कुल्टर या कारकुनाने १९०४ मध्ये कोर्टात येणाऱ्या मुलांसाठी एकेक प्रौढ सोबती शोधायला सुरुवात केली. त्यातून पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था वाढली. या संस्थेच्या कामाची १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी ९५९ मुलांवर केलेली होती. त्यांत बहुतेक मुले एकाच पालकाच्या घरातली होती. निम्म्यांना सोबती दिला गेला, निम्मी प्रतीक्षा यादीत होती. दीड वर्षाने पाहिले तेव्हा सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारूला सुरुवात करण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु त्याच माहितीचा २००२ मध्ये पुन्हा अभ्यास झाला तेव्हा दिसले की, ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांनाच सर्वाधिक लाभ झाला, आणि ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षाही खाली गेली. या दुसऱ्या निष्कर्षाकडे पुरुष संघातील बंधूंनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. ज्या मुलाला एका बापाने सोडले आहे त्याला दुसऱ्या माणसाने ऑगस्टमध्ये सोडून जाणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट आहे. तेव्हा ज्याची बदली होणार आहे, ज्याला शिफ्टमुळे आठवड्यातून तासभरही काढता येत नाही, किंवा जो भाषण ऐकून भारावून हात वर करतो आणि पावसाळ्यात विसरतो, त्याने कृपा करून नाव देऊ नये. त्याच्यासाठी टेम्पोचे काम आहेच.

मंडळ्यांनी हे करता येते याचाही दाखला आहे. फिलाडेल्फियाचे माजी महापौर विल्सन गूड यांचे वडील त्यांच्या किशोरवयात तुरुंगात गेले होते, आणि त्यांना सावरले ते त्यांच्या पाळकांनी व पाळकांच्या पत्नीने. पुढे २००० च्या सुमारास गूड यांनी कैद्यांच्या मुलांसाठी ‘अमाची’ हा उपक्रम उभा केला. त्यात प्रत्येक मंडळीकडे फक्त दहा माणसे मागितली जात, आणि प्रत्येकाने एका मुलाला आठवड्यातून किमान एक तास, किमान एक वर्ष द्यायचा असे ठरलेले असे. आपल्या मंडळ्या लहान आहेत; दहाऐवजी तीन मिळाले तरी चालतील.

त्या तासात काय करायचे? बायबलचा पाठ घेण्याची घाई करू नये, तो आम्ही घेतोच. दहावीनंतर औंधच्या आयटीआयला जायचे की डिप्लोमाला, हे ठरवताना त्याच्याबरोबर बसावे. बँकेत खाते उघडताना सोबत जावे. आपल्या कामाच्या जागी एकदा नेऊन आपण दिवसभर काय करतो ते दाखवावे. गणितात नापास झाला तर पहिला फोन तुम्हांला यावा, इतपत ओळख व्हावी. आपल्या घरी सर्वांच्या समोर जेवायला बोलवावे, म्हणजे नवरा बायकोशी कसा बोलतो, चुकल्यावर ‘माझे चुकले’ कसे म्हणतो, हे त्याला दिसेल. काहींनी ते कधी पाहिलेलेच नसते. आणि आईला कागदपत्रांत मदत करावी. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या मुलांनाही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, त्याची मंजुरी बाल कल्याण समितीकडून होते, आणि अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत जातो. ही माहिती आमच्या कितीतरी घरांना नाही, आणि ज्यांना आहे त्यांना कामाचा खाडा करून दाखल्यांसाठी फेऱ्या मारणे परवडत नाही.

विश्वासाबद्दल बोलायची वेळ येईल, आणि ती बहुधा अनपेक्षित येईल. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना आपण दर रविवारी एका सुरात म्हणतो. ज्याच्या बापाने पट्ट्याने मारले त्याच्या ओठांवर ‘पित्या’ हाच शब्द अडतो. माझ्या वर्गातील एका मुलाने मला सरळ विचारले होते की, देव बापासारखा असेल तर मला तो कशाला हवा? अशा मुलाला ‘देव पितृहीनांचा पिता आहे’ हे स्तोत्रातले वचन ताबडतोब ऐकवून आपण मोकळे होऊ नये. वचन खरे आहे, पण बाप म्हणजे काय याचा बरा अनुभव त्याला आधी कुठून तरी यावा लागतो, आणि देव तो अनुभव माणसांमार्फत देतो, अशी माझी श्रद्धा आहे. त्याचप्रमाणे निघून गेलेल्या बापाला क्षमा कर, असा उपदेशही पहिल्या महिन्यात करू नये. क्षमा ही आज्ञा आहेच, तथापि राग बोलून दाखवायला सुरक्षित जागा मिळाल्यावाचून केलेली क्षमा तोंडदेखली राहते, आणि मुलांना तोंडदेखलेपणा आपल्यापेक्षा लवकर कळतो.

मुलींविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. बापाची उणीव त्यांनाही तितकीच जाणवते, मात्र त्यांच्यासाठी एकट्या पुरुषाऐवजी जोडप्याने पुढे यावे आणि भेटीगाठी पत्नीच्या पुढाकाराने व्हाव्यात. वस्तीतील इतर धर्मांची मुलेही आपल्या वर्गांना येतात. त्यांना सोबत द्यायची तर आईच्या पूर्ण माहितीने आणि संमतीने, आणि मदतीच्या बदल्यात उपासनेला हजेरी कधीही मागू नये.

आता सर्वांत अवघड मुद्दा. बापाविना वाढणाऱ्या मुलाला जवळीक हवी असते, हे भल्या माणसाला जसे कळते तसे वाईट माणसालाही कळते, आणि चर्चमध्ये येतो म्हणून कोणी आपोआप भला ठरत नाही. ज्याला हे काम द्यायचे त्याची पोलीस पडताळणी व्हावी, मग तो वीस वर्षांचा जुना वडीलजन का असेना. आईची लेखी संमती असावी. भेट इतरांच्या नजरेसमोर व्हावी, बंद खोलीत किंवा रिकाम्या घरात नाही. मुक्कामाला एकट्याने नेऊ नये. मोबाइलवरचे संदेश आईला कधीही पाहता यावेत. महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो एखाद्या स्त्रीने, मुलाला एकट्याला विचारावे की कसे चालले आहे. आणि काही वावगे कानावर आले तर ते ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणून कमिटीच्या खोलीत मिटवले जाऊ नये. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक रविवार शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. या अटी ज्याला अपमानकारक वाटतील त्याला हे काम देऊ नये. चाळणी कडक ठेवली तर माणसे मिळणार नाहीत, असे मला सांगण्यात आले आहे. मिळणार नसतील तर कमी मिळोत.

काहींना वाटेल की हे पाळकांचेच काम आहे. ज्या पाळकांकडे दोन मंडळ्या, अंत्यविधी, लग्ने आणि कमिटीचे वाद आहेत, त्यांनी आणखी बारा मुलांचे बाप व्हावे ही अपेक्षा चुकीची आहे. पाळकांनी माणसे निवडावीत, त्यांना चुकताना सावरावे आणि व्यासपीठावरून या विषयावर वर्षातून एकदा तरी बोलावे, तेवढे पुरेसे आहे.

म्हणून विनंती अशी की, पुरुष संघाच्या येत्या सभेत आणि पास्टोरेट कमिटीच्या पुढील बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, नोंदवही तपासण्यासाठी दोघांना नेमावे, आणि दृढीकरणाचे वर्ग सुरू होण्यापूर्वी निदान तीन नावे पडताळणीसाठी पाठवावीत. माझ्या वर्गातील मुलांची यादी मी तयार ठेवली आहे. प्रत्येकाच्या आईशी बोलून तिची संमती घेतल्याशिवाय, आणि आपल्याकडची नावे पडताळून आल्याशिवाय, ती मी कोणालाही दाखवणार नाही.

आपली ख्रिस्ती भगिनी,
रविवार शाळेची एक शिक्षिका,
पुणे